छत्तिसावी तार

“...ते सगळं खरं, उस्ताद, पण तुम्ही पायडल मारताय की नाही, तेवढं सांगा की.”

मागून उत्तर आलं नाही.

घाटाचं दुसरं वळण नुकतंच मागं पडलं होतं. जोतिराम चौगुलेच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता, आणि पायथ्यापासून त्यानं हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला होता. चौथ्यांदा विचारावा म्हणून त्यानं मान मागं वळवली, तशी सायकल कठड्याच्या अंगाला सरकली.

“पुढं बघ,” उस्ताद म्हणाले.

आता ही सायकल कसली होती ते आधी सांगायला हवं, नाही तर पुढचं सगळं वाया जाईल.

ती जोडसायकल होती. एकाच लांब सांगाड्यावर दोन सिटा, दोन हँडल, दोन जोड पायडलं, आणि चाकं मात्र दोनच. पुढं बसणाऱ्याच्या हातात हँडल, ब्रेक आणि गिअर. मागच्याचं हँडल नुसतं धरायला, ते काही वळत नाही.

आणि खरी गंमत पायडलांची. पुढची आणि मागची पायडलं एका साखळीनं जोडलेली. पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरणारच, मग त्यानं जोर लावो नाही तर नुसते पाय ठेवून बसो. मागचा माणूस राबतोय की फुकटची सैर करतोय, हे पुढच्याला कळायला सोय नाही.

आणि जोतिरामला ते आज संध्याकाळच्या आत कळायला हवं होतं.

...

मागच्या सिटवरचे उस्ताद म्हणजे दस्तगीर मुजावर. सत्तरी ओलांडलेले, अंगानं वाळक्या शेंगेसारखे, डोक्यावर जाळीची टोपी. गडहिंग्लजला स्टँडच्या मागं त्यांचं सायकलीचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याचा एक खण. पण चाक बांधून घ्यायला तिथं लोक कुठून कुठून येत.

चाक बांधणं म्हणजे रिकामी रिम आणि मधला हब घ्यायचा, छत्तीस तारा ओवायच्या, आणि एकेक तार चावीनं पिळत चाक असं आणायचं की फिरवल्यावर ते कुठंच हेलकावा खाणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. एकदा बसून बघावं म्हणजे कळतं.

दर हिवाळ्यात उस्ताद आपण बांधलेली चाकं बघायला निघत. माणसाची लेक सासरी कशी नांदते ते बघायला जावं तसे ते गावोगाव जात, चाक फिरवून बघत, चहा घेत आणि पुढं सरकत. एरवी एसटीनं जायचे. या खेपेला मात्र त्यांनी माळ्यावरची जोडसायकल खाली काढायला सांगितली आणि जोतिरामला म्हणाले, पुढं तू बस.

पहिला दिवस घाट उतरण्यात गेला. दुसरा दिवस खालच्या वाड्यांतून, चढ-उताराच्या रस्त्यांनी. आणि आज तिसऱ्या दिवशी तोच घाट परत चढायचा होता, अठरा वळणांचा.

...

खोटं कशाला बोला, जोतिराम होता गडी वाघ. जिल्ह्याच्या सायकल शर्यती दोनदा मारलेला. चार वर्षांपूर्वी गुडघा दुखावला म्हणून शर्यती सुटल्या आणि तो उस्तादांकडं चाकं बांधायला बसला. तिथंही त्यानं नाव काढलं. हात असा बसला की गिऱ्हाईक विचारायचं, हे चाक उस्तादांचं की जोतिरामचं.

आणि तिथंच तर दुखणं होतं.

दुकानाची एक रीत होती. चाक कुणीही बांधो, पस्तीस तारा त्यानं पिळायच्या. छत्तिसावीही अंदाजानं ताणून ठेवायची, पण तिचा शेवटचा पीळ उस्तादांनी द्यायचा. पस्तीस झाल्या की चावी निमूट उस्तादांच्या तळहातावर ठेवायची. उस्ताद हात पुसत, पाट सरकवून बसत, खांदा आडवा धरत, डावा हात रिमवर ठेवत, डोळे मिटत. मग क्षणभर काही तरी होई आणि ते चावी परत देत.

“झालं,” एवढंच म्हणत.

चार वर्षांत जोतिरामनं शेकड्यांनी चाकं बांधली, पण एकही चाक त्याचं एकट्याचं झालं नाही. आडव्या खांद्यामागं उस्ताद काय करतात हे त्याला एकदाही दिसलं नाही. आणि अलीकडं त्याच्या डोक्यात किडा शिरला होता, की ते काहीच करत नाहीत. नुसती चावी लावतात आणि काढतात. कष्ट याचे, आणि नाव मात्र दुकानाचं.

त्यातच दहा दिवसांपूर्वी पुण्याहून फोन आला. पेठे नावाचे गृहस्थ, परदेशी सायकलींचं मोठं दुकान. चाकं बांधायला माणूस हवाय, तुम्ही या म्हणाले. आपला नंबर यांना मिळाला कुठून, हे जोतिरामनं विचारलं नाही. आपलं नाव आपोआप पुण्यापर्यंत पोचलं, असं त्यानं धरून टाकलं. माणसाला असली गोष्ट पटकन पटते.

पेठ्यांनी आज संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर मागितलं होतं.

जोतिरामनं मनाशी सरळ हिशेब मांडला होता. आज दिवसभरात उस्ताद मागं बसून पायडल मारतात असं दिसलं, तर छत्तिसावी तारही खरी. मग राहायचं. आणि म्हातारा नुसता पाय ठेवून बसलाय असं दिसलं, तर तेही खोटं आणि हेही खोटं. मग पाच वाजता येतो म्हणून सांगायचं. उस्तादांना यातलं अवाक्षर त्यानं सांगितलं नव्हतं.

...

पहिली परीक्षा बोलण्याची.

चढावर जोर लावणाऱ्याला सलग बोलता येत नाही, हे शर्यतीत पळालेल्या माणसाला सांगायला नको. म्हणून तिसऱ्या वळणावर जोतिरामनं उस्तादांना बोलतं केलं. वर घाटमाथ्यावरच्या बाबू धनगराचं मागचं चाक किती जुनं, असं सहज विचारल्यासारखं केलं.

उस्तादांनी सांगायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांचं चाक. बाबू त्यावर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावतो. वाटेत ओढा. ओढ्यात गोटे. पहिल्या वर्षी दोन तारा तुटल्या, त्या कोणत्या, त्या का तुटल्या... चौथं वळण गेलं, पाचवं गेलं. म्हाताऱ्याचा श्वास काही चढला नाही.

जोतिराम मनात म्हणाला, झालं, हे बसलेत निवांत. पण मग त्याला आठवलं की उस्ताद दुकानात बसून बोलतात तेही असंच, दोन शब्द आणि मधे एक मोठी गप्प जागा. त्या गप्प जागेत माणूस खुशाल दम घेऊ शकतो. म्हणजे ही परीक्षा बाद.

दुसरी परीक्षा सावलीची. डोंगराआडून ऊन रस्त्यावर यायला दहा वाजले. सहाव्या वळणावर सावली बाजूच्या दरडीवर पडली, लांब सायकल आणि दोन माणसं. जोतिरामनं तिरक्या नजरेनं बघितलं. मागच्या सावलीचे पाय छान गोल फिरत होते.

मग त्याला आपलंच हसू आलं. फिरणारच की ते. साखळी आहे ना.

“उस्ताद, खरंच सांगा.”

“पुढं बघ.”

...

सातव्या वळणावर हौसाबाईची चहाची टपरी. उस्ताद तोंड धुवायला पाण्याच्या पिंपाकडं गेले, तेवढ्यात जोतिरामनं त्यांची पाठ बघून घेतली. सदरा कोरडा होता. पण हा माणूस वैशाखात पत्र्याखाली बसून फ्रेम झाळतानाही घामेजत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. काय करावं.

शेवटी त्यानं हौसाबाईलाच गाठलं. मावशी, आम्ही वर येताना तुम्ही बघत होता ना, मग म्हातारा जोर लावत होता का, असं त्यानं हळूच विचारलं.

हौसाबाईनं गाळणी झटकली. म्हाताऱ्याचे पाय फिरत होते म्हणाली. मग कप पुसता पुसता म्हणाली, “या सायकलीवरनं उस्ताद दर साली येत न्हाईत. मागल्या खेपेला पुढं दुसराच बसला हुता. त्योबी मला ह्येच इचारत हुता.”

कोण तो, असं जोतिरामनं विचारलं. नाव तिला आठवेना. आता बेळगावात त्याचं स्वतःचं दुकान आहे, एवढं तिनं ऐकलं होतं. त्याच्या आधी एक उंच पोरगा होता, तो मिरजेला असतो म्हणे.

जोतिरामनं यातलं नेमकं नको तेवढंच उचललं. आपल्याआधीच्यालाही संशय आला होता, म्हणजे संशयाला जागा आहे. बेळगाव आणि मिरज त्याच्या कानावरून गेलं.

चहा झाल्यावर उस्ताद येऊन मागच्या सिटवर बसले. त्यांनी पाय पायडलांवर ठेवले आणि वाट बघत राहिले.

...

बाराव्या वळणानंतर बैलबसणी लागते. पूर्वी या चढावर गाडीचे बैल खाली बसायचे म्हणून हे नाव. अर्धा मैल सरळ, एकही वळण नाही, आणि रस्ता छातीवर येतो. जोतिरामनं सगळ्यात हलका गिअर टाकला होता, तरी सायकल मुंगीच्या पावलानं चालली होती.

त्यानं ठरवलं, आता.

पाय पायडलांवर तसेच ठेवले आणि त्यातला जोर तेवढा काढून घेतला. मागं जोर असेल, तर निदान चार हात तरी सायकल जाईल. तेवढं कळलं तरी पुरे होतं.

सायकल एक हात गेली असेल नसेल, आणि उभी राहिली. दोघांनी पाय टेकले.

“सापडलात,” जोतिराम म्हणाला. आवाजात आनंद होता असं नाही म्हणता येणार. “मी जोर काढला आणि सायकल थांबली. म्हणजे तुमचा जोर नव्हताच.”

उस्तादांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली.

“तू थांबलास,” ते म्हणाले. “म्हणून मी थांबलो.”

“मी जोर काढला ते तुम्हाला मागं कळलं कसं? पाय तर फिरतच होते.”



“तुला कळत नाही?” उस्तादांनी विचारलं. खवचटपणा नव्हता त्यात. खरंच नवल वाटल्यासारखं विचारलं त्यांनी.

इथं जोतिरामचा तोल गेला. दहा दिवस पोटात दाबलेलं सगळं बाहेर आलं. पुण्याचा फोन, पाच वाजता द्यायचं उत्तर, चार वर्षांतली एकेक छत्तिसावी तार. तुम्ही खांद्याआड काही करत नाही, मला माहीत आहे, असंही तो म्हणून गेला. आणि म्हणून झाल्यावर त्याला वाटलं, हे शेवटचं गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

खालून एक टेम्पो घरघरत आला, त्यांना ओलांडून गेला. त्याचा आवाज वरच्या वळणाआड गेला.

“पुण्याला जायचं म्हणतोस...” उस्ताद म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “बरं.”

मग त्यांनी पाय उचलून सायकलीच्या बाहेर काढला. तू हो पुढं म्हणाले, मी येतो चालत.

...

जोतिराम रागातच निघाला. मनात म्हणाला, आता बघतोच. मागचं ओझं उतरलंय, सायकल कशी उडत जाते ते म्हातारा खालून बघेलच.

पण सायकल उडाली नाही.

त्यानं पन्नास पायडलं मोजली. गिअर तोच, चढ तोच. मांड्यांना लागणारा जोर मघासारखाच. दमही मघासारखाच. शर्यतीतल्या माणसाच्या मांड्या या बाबतीत फसत नाहीत. त्याला वाटलं, आपलं काही तरी चुकतंय. त्यानं आणखी पन्नास मोजली.

तेवढंच.

उतरलेल्या ओझ्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे म्हातारा मागं बसून त्याला ढकलतही नव्हता आणि त्याच्या जिवावर बसलेलाही नव्हता. स्वतःचं जेवढं वजन, बरोबर तेवढंच तो दिवसभर स्वतः वर चढवत होता. ना तोळाभर जास्त, ना तोळाभर कमी.

जोतिरामला हे इतकं विचित्र वाटलं की राग विसरून तो रस्त्याच्या कडेला थांबला. असं मोजून कुणाला करता येतं? आणि करायचंच, तर मग मागं बसून उपयोग काय? एकटाच होतो तसाच राहिलो की मी.

एक मात्र होतं. एकट्यानं सायकल सरळ धरताना त्याच्या नाकीनऊ आले होते. मागचं शेपूट सारखं इकडंतिकडं करत होतं. मघाशी ते गप्प होतं.

अर्ध्या तासानं उस्ताद वर पोचले. वाटेत उपटलेली दगडफुलं त्यांच्या रुमालात बांधलेली होती, घरी मसाल्याला होतील म्हणाले. पुण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मागच्या सिटवर बसले, पायडलांवर पाय ठेवले.

उरलेली वळणं दोघांनी न बोलता काढली. जोतिरामनं प्रश्न विचारला नाही, पण तो पायांनी कान देऊन ऐकत असल्यासारखा चालला होता. एकदा, सतराव्या वळणाच्या जरा आधी, त्याला वाटलं की मागून काही तरी कळलं. लगेच ते गेलं.

...

बाबू धनगराच्या अंगणात चाक वाटच बघत होतं. ओढ्यातल्या गोट्यांनी रिमला कोचा पाडला होता. रिम बदलायची, तारा नव्यानं ओवायच्या, म्हणजे चाक पुन्हा पहिल्यापासून बांधायचं. उस्तादांनी जोतिरामकडं बोट केलं आणि ते बाबूच्या बायकोनं दिलेली भाकरी खायला ओट्यावर बसले.

जोतिराम जीव ओतून बसला. कुणास ठाऊक, या दुकानाचं हे आपलं शेवटचंच चाक असेल. एकेक तार त्यानं बोटानं वाजवून बघितली. चार वाजून गेले तेव्हा पस्तीस झाल्या होत्या.

रीतीप्रमाणं त्यानं चावी उस्तादांच्या तळहातावर ठेवली. उस्तादांनी हात पुसले, बसले, खांदा आडवा धरला. डावा हात रिमवर. डोळे मिटले.

चार वर्षांत जोतिरामनं जे केलं नव्हतं ते आज केलं. तो उठला, चाकाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उकिडवा बसला आणि तारांमधून त्यानं उस्तादांच्या मनगटावर नजर लावली.

चावी तारेवर बसली...

मनगट हललं नाही.

चावी निघाली.

“झालं,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा तारांच्या पलीकडं जोतिरामचे डोळे होते. बाबूनं चाकाला टिचकी मारली, चाक गुळगुळीत फिरत राहिलं, आणि बाबू कौतुकानं म्हणाला की उस्तादांचा हात लागला की झालंच. हे ऐकून जोतिरामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चार वर्षं. चार वर्षं या माणसानं आपल्याला फसवलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पेठे. पाचला दहा कमी होते.

जोतिराम फोन घेऊन गोठ्यामागं गेला. येतो म्हणून सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण पेठे बोलके निघाले. म्हणाले, तुम्ही यायलाच हवं, आमच्याकडं सगळ्यांना तुमची ती दोन चाकं फार आवडली. कोणती चाकं, असं जोतिरामनं विचारलं. अहो, चार महिन्यांपूर्वी तुमच्या उस्तादांनी पार्सलनं पाठवली ती, पेठे म्हणाले. तुमचा नंबरही त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिला होता.

जोतिरामला ती चाकं आठवली. साताऱ्याच्या गिऱ्हाइकाची आहेत असं उस्तादांनी सांगितलं होतं.

“तुमच्या दुकानाची रीत मी ऐकून होतो,” पेठे म्हणाले. “म्हणून फोनवर विचारलं त्यांना, की शेवटची तार तुमची ना? तर म्हणाले, छत्तीसच्या छत्तीस त्याच्या आहेत. वर्ष झालं, माझी चावी नुसती बसते आणि निघते.”

जोतिरामनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडं बघितलं.

हॅलो, हॅलो, पेठे म्हणत होते. काय ठरवलंत?

पाच मिनिटांत सांगतो, असं कसंबसं बोलून त्यानं फोन ठेवला. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. दिवसभर तो ज्याची चोरी पकडायला निघाला होता, त्यानं तर चार महिन्यांपूर्वीच त्याची वाट बांधून ठेवली होती. आणि आता अचानक त्याला पुण्याची भीती वाटू लागली. तिथं चाक बांधून झालं की चावी कुणाच्या हातावर ठेवायची? आपली पस्तिसावी चुकली, तर ते कळणार कुणाला?

...

मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात होता. शाळा बाबूच्या घरापासून पाव मैल वर, थोडा चढच. ऊन कलतीला आलं होतं.

जोतिराम बाहेर आला तर उस्ताद जोडसायकल रस्त्याला लावून उभे होते. त्याचा चेहरा त्यांनी एकदा बघितला. कुणाचा फोन, काय म्हणाले, काही विचारलं नाही.

जोतिराम पुढच्या सिटवर बसला. उस्ताद मागं बसले नाहीत. मागच्या सिटवर त्यांनी हात ठेवला होता.

आता इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी, मघाशी ती राहून गेली. अर्ध्या गडहिंग्लजला सायकल शिकवली ती या उस्तादांनी. बाजाराच्या मैदानात पोराला सायकलीवर बसवायचं, मागून कॅरिअर धरायचं आणि बरोबर पळायचं. पोर घाबरून विचारी, धरलंय ना? उस्ताद म्हणत, पुढं बघ, धरलंय मी. आणि उस्ताद धरलंय म्हणाले की त्यांचा हात सुटलेला असतो, हे शिकून झालेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि शिकणाऱ्या एकालाही नाही.

जोतिराम नऊ वर्षांचा असताना असाच शिकला. त्यानं मात्र मागं वळून बघितलं होतं. उस्ताद पन्नास पावलांवर हाताची घडी घालून उभे होते. ते बघितलं आणि तो धान्याच्या दुकानापुढच्या गटारात पडला.

त्यानं पायडल मारलं. सायकल हलली. दहा-बारा पायडलं झाली असतील. मागं कुणी बसलेलं नाही हे आज त्याच्या पायांना नीट कळत होतं. शेपूट मात्र स्थिर होतं. खिशात फोन पुन्हा वाजायला लागला.

“उस्ताद...” दिवसभर नुसता जाब विचारत आलेला जोतिराम म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “एकट्याला जमेल का मला?”

काही वेळ नुसती साखळीची कुरकुर ऐकू येत होती. मान वळवावी असं त्याला फार वाटलं. त्यानं वळवली नाही.

उस्तादांचा आवाज जरा लांबून आला.

“पुढं बघ. धरलंय मी.”